गच्चीवरील वेधशाळा
लहान दुर्बीण व स्मार्टफोन यांच्या साहाय्याने रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण

१८४० साली न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने चंद्राचे छायाचित्र घेतले. रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ती प्रतिमा उमटावी म्हणून त्याला सुमारे वीस मिनिटे चंद्राचा प्रकाश त्या पत्र्यावर धरून ठेवावा लागला. पुढे दहा वर्षांनी, १८५० मध्ये, हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेण्यात आले. सूर्य वगळता दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचे ते पहिलेच छायाचित्र होय. आपल्या देशात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी जेऊर येथे तळ देऊन खग्रास सूर्यग्रहणाचा छायाचित्रांच्या साहाय्याने अभ्यास केला. त्या काळी आकाशाचे छायाचित्र म्हटले की मोठी वेधशाळा, जड यंत्रे, काचफलक आणि रासायनिक द्रव्ये हा सारा संभार आवश्यक असे.

आज तो संभार बव्हंशी अनावश्यक झाला आहे. जुन्या काचफलकावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा एक-दोन भागांचीच नोंद होत असे. आता खिशात मावणाऱ्या स्मार्टफोनमधील सिलिकनचा नखाएवढा तुकडा आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा त्याहून कितीतरी मोठा वाटा नोंदवतो. त्याच्या जोडीस एखादी माफक किमतीची दुर्बीण असली, तर चंद्रावरील विवरे, गुरूचे उपग्रह आणि शनीचे कडे यांची छायाचित्रे शाळकरी मुलासही घेता येतात. मात्र चित्र घेता येणे आणि त्या चित्रावर विश्वास ठेवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शहरातील साध्या गच्चीवरून काय साधता येते, आणि घेतलेले चित्र शास्त्रीय नोंद म्हणून केव्हा मानता येते, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. निरीक्षणाचे स्थान

उदाहरणादाखल रायपूर शहरातील तात्यापारा ही वस्ती घेऊ. छत्तीसगडीत 'पारा' म्हणजे मोहल्ला. अठराव्या शतकापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. पुढेही १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात मोडत होते त्याची राजधानी नागपूर हीच होती. त्यामुळे रायपूरच्या जुन्या भागात मराठी कुटुंबांची वस्ती झाली आणि 'तात्या' हा मराठी कानास परिचित शब्द तेथील एका मोहल्ल्याच्या नावात आजही आढळतो. २००० सालापासून रायपूर हे छत्तीसगड राज्याच्या राजधानीचे शहर आहे. तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडे जाणारा रस्ता रात्री उशिरापर्यंत दिव्यांनी उजळलेला असतो. वेधशाळेसाठी अशी जागा कोणी निवडणार नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांस लाभणारी जागा अशीच असते, म्हणूनच तिचा विचार करणे युक्त होय.

रायपूर सुमारे २१ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून अवघा २१ अंश उंच असतो, आणि शहराच्या धुरकट हवेत तो पुष्कळदा मंद भासतो. याउलट मृग नक्षत्र मध्यमंडलावर आले म्हणजे दक्षिणेस सुमारे ६८ अंश उंच चढते. नवोदित निरीक्षकाने उंच असलेल्या ज्योतींकडेच आधी वळावे. क्षितिजालगतच्या ज्योतीचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. त्या प्रवासात तो मंदावतो, तांबूस होतो आणि थरथरतो. म्हणून क्षितिजापासून ३० अंशांपेक्षा अधिक उंचीवरील ज्योतींचीच चित्रे घ्यावीत.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाळी ढगांमुळे काम जवळजवळ बंदच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परंतु हिवाळ्यात धूर व धूळ जमिनीलगत साचून राहतात. रायपूरच्या उत्तरेस उरला व सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. त्या दिशेचे आकाश टाळून दक्षिणेकडील व माथ्यावरील आकाश निवडणे इष्ट. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवसभर उन्हात तापलेली सिमेंटची गच्ची रात्री ऊब सोडत राहते, आणि त्या वर चढणाऱ्या हवेमुळे प्रतिमा पाण्याखालच्या खड्याप्रमाणे हलते. गच्ची निवावी म्हणून सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी काम सुरू करावे, आणि दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवावी, म्हणजे तिच्या आतील हवा बाहेरच्या हवेइतकी थंड होईल.

२. दुर्बीण काय करते?

दुर्बीण वस्तू मोठी करून दाखवते, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. तिचे अधिक महत्त्वाचे कार्य प्रकाश गोळा करणे हे आहे. अंधारात मनुष्याच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंद होते. बाजारात सहज मिळणाऱ्या लहान दुर्बिणीचे वस्तुभिंग ७० मिलिमीटर व्यासाचे असते. व्यास दसपट, म्हणून क्षेत्रफळ शंभरपट. अर्थात अशी दुर्बीण डोळ्याच्या शंभरपट प्रकाश एकत्र करते. ताऱ्यांच्या प्रतींच्या मोजणीत शंभरपट म्हणजे बरोबर पाच प्रती. ज्या आकाशात नुसत्या डोळ्यांस चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, तेथे या दुर्बिणीतून नवव्या प्रतीपर्यंत मजल जाऊ शकते.

वर्धनक्षमता काढण्याची रीत सोपी आहे : वस्तुभिंगाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागावे. वस्तुभिंगाचे केंद्रांतर ७०० मिलिमीटर असेल, तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने प्रतिमा २८ पट आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने ७० पट मोठी होते. खोक्यावर पाचशे-सहाशे पट वर्धनाची जाहिरात केलेली असली तरी तिच्या मोहात पडू नये. ७० मिलिमीटरचे भिंग सुमारे दीड विकलेपेक्षा सूक्ष्म तपशील वेगळा करू शकत नाही. त्यापुढे कितीही वर्धन केले तरी अस्पष्टता तेवढी मोठी होते. खरेदी करताना वर्धनापेक्षा भिंगाचा व्यास आणि तिपाईचा भक्कमपणा यांकडे लक्ष द्यावे. डुगडुगणाऱ्या तिपाईवर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. तिपाईच्या मधल्या खणात विटेचे वजन टांगल्यास पुष्कळ स्थैर्य येते.

येथे एक ताकीद देणे अवश्य आहे. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. दुर्बिणीतून एकवटलेला सूर्यप्रकाश क्षणात डोळा कायमचा निकामी करतो आणि फोनमधील संवेदकही जाळतो. दुर्बिणीच्या पुढील तोंडावर बसवावयाची खास सौर गाळणी व जाणत्या मार्गदर्शकाची उपस्थिती असल्याखेरीज हा प्रयोग करूच नये. दिवसा दुर्बीण झाकून ठेवावी.

३. फोन आणि नेत्रिका यांचा मेळ

डोळा जेथे ठेवावयाचा तेथे फोनचे भिंग ठेवणे, एवढीच ही रीत आहे. ती साधते याचे कारण असे की, नीट जुळवलेल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारे किरण समांतर असतात. डोळ्याप्रमाणेच फोनचे भिंगही समांतर किरण एकत्र आणून आपल्या पडद्यावर प्रतिमा उमटवते. नेत्रिकेतून निघणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले वर्धन. २८ पट वर्धनात ती अडीच मिलिमीटर असते. पुष्कळ फोनांच्या मुख्य भिंगाचे उघडे तोंड तीन मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे ७० मिलिमीटरच्या भिंगाने गोळा केलेला सर्व प्रकाश फोनच्या इवल्याशा खिडकीतून आत शिरू शकतो. मात्र फोन एक-दोन मिलिमीटर जरी बाजूस सरकला तरी ही शलाका कापली जाते आणि चित्राच्या एका कडेस काळोखी कोर उमटते.

या कारणाने फोन हातात धरून काम भागत नाही. नेत्रिकेवर घट्ट बसणारा आणि फोन पकडून ठेवणारा चिमटा स्वस्तात मिळतो. तो नसल्यास पुठ्ठ्याची नळी व पट्टी यांपासून तसा आधार घरी करता येतो. फोनला तीन-चार भिंगे असतील तर मुख्य भिंगच नेत्रिकेसमोर आणावे व इतरांवर काळी चिकटपट्टी लावावी. प्रथम डोळ्याने पाहून दुर्बीण स्पष्ट करून घ्यावी, मग फोन लावावा. नंतर पडद्यावर प्रतिमेस काही वेळ बोट लावून फोनचे केंद्रीकरण स्थिर करावे. झोतदिवा बंद असावा. पडद्यास स्पर्श करताच सारी दुर्बीण हादरते, म्हणून दोन-तीन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय वापरावी. पडद्यावर दोन बोटांनी ताणून प्रतिमा मोठी केल्याने एकही नवा तपशील मिळत नाही. तो मोह टाळावा.

४. चंद्र : पहिला पाठ

आरंभ चंद्रापासून करावा. पौर्णिमेचा चंद्र मात्र त्यासाठी योग्य नाही. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, छाया नाहीशा होतात आणि पृष्ठभाग सपाट भासतो. शुक्ल पंचमीपासून द्वादशीपर्यंत प्रकाश आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा उजळलेल्या व तळ काळोखे दिसतात. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी कोपर्निकस नावाच्या ९३ किलोमीटर रुंदीच्या विवरावर सूर्योदय होतो. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती ७० पट वर्धनात स्पष्ट दिसतात. आपल्या लहान दुर्बिणीतून चंद्रावरील सुमारे तीन किलोमीटरपर्यंतचा तपशील ओळखता येतो.

चंद्राच्या चित्रात नवशिक्याच्या हातून होणारी चूक म्हणजे प्रकाश फार काळ आत घेणे. रात्र काळी असल्याने फोन आपण होऊन दीर्घ काळ प्रकाश घेतो, आणि चंद्र म्हणजे एक पांढरा डाग होऊन बसतो. वस्तुतः चंद्रावर भर दिवसाचे ऊन पडलेले असते, त्यामुळे त्याचे चित्र उन्हातील खडकाच्या चित्राप्रमाणे घ्यावे लागते. फोनमधील स्वहस्ते मोजमाप ठरवण्याची सोय निवडून संवेदनक्षमता १०० ठेवावी व सेकंदाच्या १/२५० भागापासून आरंभ करावा. चंद्राची उजळ कड पांढरी फटक दिसत असेल तर काळ आणखी कमी करून १/५०० किंवा १/१००० करावा. वर्धन वाढवले की तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून काळ वाढवावा लागतो.

पृथ्वीच्या परिवलनामुळे चंद्र दोन मिनिटांत आपल्या बिंबाच्या व्यासाएवढा सरकतो. साध्या दुर्बिणीस यंत्राची गती नसते, तेव्हा चंद्र दृष्टिक्षेत्राच्या एका कडेस आणून ठेवावा, हात काढून घ्यावा, आणि तो मध्यावर येताच चित्र घ्यावे.

लागोपाठ दोन रात्री एकाच वेळी चित्रे घेतली तर सीमारेषा सुमारे १२ अंश सरकलेली आढळते. चंद्राच्या विषुववृत्तावर हा सूर्योदय ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने पुढे जातो. आपल्याकडे सायकलवरून शाळेत जाणारा मुलगा साधारण याच वेगाने जातो. तो चंद्रावर असता तर सूर्योदयाच्या बरोबरीने चालला असता.

५. गुरूचे उपग्रह : गॅलिलिओचा प्रयोग पुन्हा एकदा

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूजवळ लहान तेजस्वी ठिपके पाहिले. रोज रात्री त्यांची स्थाने तो कागदावर मांडत गेला आणि ते गुरूभोवती फिरतात, असा निष्कर्ष त्याने काढला. सर्वच ज्योती पृथ्वीभोवती फिरत नाहीत, याचा तो डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. तोच प्रयोग आज तात्यापाऱ्यातील गच्चीवरून करता येतो, आणि गॅलिलिओस हाताने काढावी लागलेली आकृती आपला फोन वेळेच्या शिक्क्यासह नोंदवतो.

गुरूची दोन प्रकारची चित्रे घ्यावी लागतात. थोडा काळ प्रकाश घेतल्यास बिंबावरील दोन करडे पट्टे दिसतात, पण उपग्रह दिसत नाहीत. काळ वाढवून सेकंदाच्या १/१० भागाच्या आसपास नेला की बिंब पांढरे होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंस उपग्रह प्रकटतात. आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे ते चार उपग्रह होत. गुरूभोवती एक फेरी पूर्ण करण्यास आयोस १ दिवस साडेअठरा तास, युरोपास साडेतीन दिवसांहून थोडा अधिक काळ, गॅनिमीडास ७ दिवस ४ तास आणि कॅलिस्टोस सुमारे १६ दिवस १७ तास लागतात. पहिल्या तिघांचे काळ एक, दोन व चार या प्रमाणात आहेत, हे वाचकांच्या लक्षात येईल.

तीन आठवडे रोज ठराविक वेळी एक चित्र घ्यावे. चित्रावर गुरूच्या बिंबाचा व्यास मोजून प्रत्येक उपग्रह किती व्यासांइतका दूर आहे ते वहीत मांडावे. एका आलेखावर हे बिंदू घातले असता लाटेसारखी वक्ररेषा तयार होते, आणि तिच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे त्या उपग्रहाचा फेरीचा काळ. आयो तर इतका चपळ आहे की गुरूच्या बिंबाजवळून जाताना एका तासात तो बिंबाच्या जवळजवळ अर्ध्या व्यासाइतका सरकतो. दोन चित्रांत तासाचे अंतर ठेवल्यास ही गती त्याच रात्री पाहता येते.

शनीचे कडे २५ पट वर्धनातही ओळखू येते. मार्च २०२५ मध्ये कड्याची केवळ धार पृथ्वीकडे होती, त्यामुळे ते जवळजवळ अदृश्य झाले होते. त्यानंतर त्याचा कल वर्षागणिक वाढत आहे. दर हिवाळ्यात एकेक चित्र घेतल्यास हा बदल शाळेच्या भिंतीवर मांडता येईल.

६. अनेक चित्रांचे एक चित्र

ग्रहांचे एकच चित्र सहसा समाधानकारक येत नाही, कारण हवेच्या कंपाने प्रतिमा क्षणोक्षणी बदलते. यावर उपाय असा की, मिनिटभराचे चलच्चित्र घ्यावे. त्यात हजार-दीड हजार चित्रे असतात, आणि त्यांपैकी काही हवा निश्चल असलेल्या क्षणांची असतात. ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स यांसारख्या विनामूल्य संगणक-कार्यक्रमांच्या साहाय्याने उत्तम चित्रे निवडून ती एकावर एक जुळवतात.

जुळवण्याने सुधारणा का होते? मंद प्रकाशाच्या प्रत्येक चित्रात आकस्मिक ठिपके पडलेले असतात. ते प्रत्येक चित्रात निराळ्या जागी असतात. तारा मात्र दर वेळी एकाच जागी असतो. चित्रे एकत्र केली की ताऱ्याचा प्रकाश चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण आकस्मिक ठिपक्यांचा गोंधळ तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. सोळा चित्रांनी चित्राची शुद्धता चौपट होते, शंभर चित्रांनी दसपट.

मृगातील तीन तारकांच्या दक्षिणेस असलेला तेजोमेघ याच रीतीने टिपता येतो. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून त्यात नवे तारे जन्मास येत आहेत. यंत्रगती नसलेल्या दुर्बिणीत अर्ध्या-एका सेकंदापेक्षा अधिक काळ घेतल्यास तारे रेघांसारखे लांबतात. म्हणून अर्ध्या सेकंदाची शेकडो चित्रे घेऊन ती जुळवावीत. रंगीत पुस्तकांतील भव्य दृश्याची अपेक्षा करू नये. एक करडा, पंखासारखा पसरलेला धूसर डाग मिळेल. पण तो डाग आपल्या स्वतःच्या गच्चीवर उतरलेल्या प्रकाशाचा असेल.

ज्यांच्याजवळ दुर्बीण नाही त्यांनी फोन तिपाईवर बसवून पाच ते पंधरा सेकंदांची नक्षत्रांची चित्रे घ्यावीत. कृत्तिका, रोहिणी, मृग व व्याध ही हिवाळी मालिका एकाच चित्रात येऊ शकते.

७. चित्र खरे केव्हा?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आजचे फोन घेतलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाहीत. ते रंग बदलतात, कडा उठावदार करतात, ठिपके पुसतात. मार्च २०२३ मध्ये एका जिज्ञासू वापरकर्त्याने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीतून फोनने त्याचे छायाचित्र घेतले. समोरच्या चित्रात नसलेला चंद्रपृष्ठाचा तपशील फोनच्या चित्रात उमटला. चंद्र ओळखला की त्याचा तपशील वाढवण्याची क्रिया फोन करतो, असे निर्मात्यांनीही नंतर स्पष्ट केले. असे चित्र देखणे असेल, पण त्यातील विवरे त्या रात्रीच्या आकाशातून आलेली नव्हेत.

म्हणून काही नियम पाळणे इष्ट आहे. दृश्य ओळखून सुधारणा करणारी फोनची सोय बंद ठेवावी. फोनमध्ये कच्ची प्रतिमा जतन करण्याची सोय असल्यास ती वापरावी, आणि मूळ चित्र कधीही पुसू नये; सुधारणा त्याच्या प्रतीवर कराव्यात. चित्रे जुळवणे, उजेड कमी-अधिक करणे या क्रिया सर्व चित्रभर सारख्याच लागू होतात आणि सांगून केल्या तर त्यांत दोष नाही. जे भिंगातून आलेच नाही ते चित्रात भरणे हा मात्र दोष होय. वर सांगितलेला धूसर चंद्राचा प्रयोग शाळेत आपल्या फोनवर करून पाहण्याजोगा आहे. आपले साधन किती सत्य बोलते हे त्यावरून कळते.

चित्राबरोबर वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात : दिनांक, वेळ, स्थान, दुर्बीण व नेत्रिका, प्रकाश घेण्याचा काळ, संवेदनक्षमता, हवेची स्थिती, आणि चित्रावर नंतर केलेल्या क्रिया. अशी नोंद नसलेले चित्र शोभेचे ठरते. नोंद असलेले चित्र पुढे कोणास उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. १९४९ मध्ये वेणू बाप्पू यांना हार्वर्ड येथे छायाचित्रफलकावर एक नवा धूमकेतू आढळला. जुलै २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाने आपल्या अंगणातील दुर्बिणीतून गुरूवर एक नवा काळा डाग टिपला. कोणती तरी वस्तू गुरूवर आदळल्याची ती खूण होती. जगातील मोठ्या वेधशाळांचे लक्ष त्यानंतर तिकडे गेले.

८. हरवत चाललेले आकाश

नव्या धूमकेतूचा योग प्रत्येकास येत नाही. परंतु एक काम असे आहे की ते शहरातील निरीक्षकाखेरीज दुसऱ्या कोणासही करता येणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २०११ ते २०२२ या काळातील सामान्य नागरिकांच्या पन्नास हजारांहून अधिक तारका-नोंदी तपासण्यात आल्या. रात्रीच्या आकाशाचा कृत्रिम उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत आहे, असे त्यांवरून दिसून आले. या गतीने उजेड आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. एखाद्या मुलाच्या जन्माच्या वेळी एखाद्या ठिकाणाहून २५० तारे दिसत असतील, तर ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तेथून केवळ शंभरच दिसू लागतील. या नोंदींपैकी बहुतेक युरोप व उत्तर अमेरिका येथील होत्या. भारतातील मोहल्ल्यांचे आकाश किती उजळले, हे सांगण्यास भारतातील मोहल्ल्यांतूनच नोंदी व्हावयास हव्यात.

त्यासाठी दुर्बिणीचीही गरज नाही. दरवर्षी जानेवारीतील अमावास्येच्या सुमारास, निरभ्र रात्री, ठराविक वेळी, त्याच गच्चीवरून, त्याच फोनने, तीच संवेदनक्षमता आणि तेवढेच सेकंद ठेवून मृग नक्षत्राचे चित्र घ्यावे. मृगाचे चार पाय म्हणजे त्याच्या चौकोनाच्या चार तारका. त्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारका दिसल्या आणि चित्रात किती आल्या, हे दोन्ही आकडे वहीत लिहावेत. पहिल्या वर्षी या आकड्यांस फारसा अर्थ नसतो. पाचव्या वर्षी त्यांस अर्थ येतो, आणि दहाव्या वर्षी ते त्या वस्तीच्या आकाशाचा इतिहास बनतात. शाळेतून मुले बाहेर पडतात, पण वही शाळेत राहते. म्हणून हे काम शाळेने किंवा ग्रंथालयाने हाती घ्यावे हेच योग्य. रायपुरात पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भौतिकी व खगोलभौतिकी यांचा विभाग आहे, तसेच प्रादेशिक विज्ञान केंद्रही आहे. महाराष्ट्रात १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आली आहे.

हा उजेड अपरिहार्य नाही. दिव्यास वरून झाकण घातले व प्रकाश खाली रस्त्यावरच पाडला, तर रस्ता तेवढाच उजळतो आणि आकाश काळे राहते. नागपूरजवळील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'अंधाऱ्या आकाशाचे उद्यान' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भोवतालच्या गावांतील रस्त्यांचे दिवे खालच्या बाजूस वळवणे हा त्या प्रयत्नाचा एक भाग होता. रायपूरच्या वाचकांनी संधी मिळाल्यास बारनवापारा अभयारण्याच्या परिसरातून किंवा गंगरेल धरणाच्या बाजूने, शहरापासून दूर, तेच मृग नक्षत्र त्याच मोजमापाने टिपावे. तात्यापाऱ्यातील चित्र आणि ते चित्र शेजारी ठेवल्यास आपण काय गमावले हे कोणासही समजावून सांगावे लागणार नाही.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, आकाश निरभ्र असल्यास, भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. रात्री साडेदहाच्या सुमारास तांबूस झालेला चंद्र रायपूरच्या आकाशात उंच असेल. ग्रहणातील चंद्राचा प्रकाश अतिशय मंद असल्याने त्यास सेकंदाचा १/१००० भाग पुरणार नाही. अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ लागेल, आणि किती लागेल हे त्या रात्रीच्या हवेवर व ग्रहणाच्या गडदपणावर अवलंबून राहील. आज चंद्रापासून आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास त्या रात्रीपर्यंत सरावास पुरेसा अवधी आहे. त्याने आपली वही मात्र पहिल्या रात्रीपासूनच सुरू करावी.